मिश्रणांचे पृथक्करण

मिश्रणाचे पृथक्करण म्हणजे मिश्रणातील घटक पदार्थ एकमेकांपासून वेगळे करणे होय. मिश्रणात घटकांचा रासायनिक संयोग झालेला नसतो आणि प्रत्येक घटक आपले गुणधर्म राखून असतो. त्यामुळे कणांचा आकार, घनता, विद्राव्यता, उत्कलनांक, चुंबकत्व अशा एखाद्या भौतिक गुणधर्मातील फरकाचा उपयोग करून घटक सुटे करता येतात. संयुगाच्या बाबतीत हे शक्य नसते. मिठाच्या पाण्यातून मीठ केवळ पाणी आटवून परत मिळते. पण मिठातून सोडियम आणि क्लोरीन मिळवायचे असतील, तर वितळलेल्या मिठाचे विद्युत अपघटन करावे लागते.

शालेय अभ्यासक्रमात निवडणे, चाळणे, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन, स्फटिकीभवन, ऊर्ध्वपातन, संप्लवन, अपकेंद्री पद्धत, विलगकारी नरसाळे आणि रंजकद्रव्य पृथक्करण या पद्धती शिकवल्या जातात. या पद्धतींची नावे पाठ असली, तरी दिलेल्या मिश्रणासाठी कोणती पद्धत योग्य हे नावावरून ठरत नाही. घटकांमध्ये कोणता फरक आहे आणि तो उपयोगात आणण्याइतका मोठा आहे का, हे आधी पाहावे लागते. फरक नसेल तर पद्धत नाही. फरक अत्यल्प असेल तर तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते.

घन पदार्थांची मिश्रणे

धान्यातील खडे वेचणे, पीठ चाळणे, सुपात धान्य पाखडणे आणि खळ्यावर वाऱ्याच्या दिशेने धान्य उफणणे या घरगुती व शेतीतील कृती पृथक्करणाच्याच पद्धती आहेत. चाळणीत कणांच्या आकारातील फरक उपयोगी पडतो. उफणणीत मात्र आकारमानाच्या मानाने वजन किती, हे महत्त्वाचे असते. दाणा जवळजवळ सरळ खाली पडतो आणि हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जाऊन पडतो. लोखंडाचा कीस आणि गंधक यांच्या मिश्रणातून चुंबकाने लोखंड काढता येते. हेच मिश्रण तापवून त्याचे आयर्न सल्फाइड बनल्यावर चुंबकाने लोखंड वेगळे होत नाही. मिश्रण आणि संयुग यांतील भेद दाखवण्यासाठी शाळेत हा प्रयोग करतात.

हाताने वेचणे ही पद्धत क्षुल्लक समजली जाते, पण रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा शोध तिनेच लागला. १८४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना टार्टारिक आम्लाच्या एका क्षारात दोन प्रकारचे स्फटिक दिसले. दोन्हींचे रासायनिक घटक तेच होते, विद्राव्यताही तीच होती. मात्र आकाराने ते उजव्या-डाव्या हातांसारखे परस्परांची आरशातील प्रतिमा होते. पाश्चर यांनी ते भिंगाखाली चिमट्याने एकेक करून वेगळे केले. त्यांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवतात, असे आढळले आणि रेणूंच्या त्रिमितीय रचनेच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या वर हा क्षार वेगळ्या स्वरूपात स्फटिकतो आणि वेचण्याजोगे दोन प्रकार मिळतच नाहीत. उष्ण प्रदेशातील उन्हाळ्यात हा प्रयोग साधला नसता.

निवळणे आणि गाळणे

गढूळ पाणी स्थिर ठेवले की जड कण तळाशी बसतात. वरचे नितळ पाणी न हलवता ओतून घेणे म्हणजे निवळणे. मातीचे अतिसूक्ष्म कण मात्र दिवसचे दिवस तरंगत राहतात, कारण त्यांच्यावर सारखाच ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी फिरवल्यावर तिच्यातील ॲल्युमिनियममुळे हा भार उदासीन होतो. शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात आणि मातीचे कण त्यांच्यात अडकून खाली बसतात. भारतात याच कामासाठी एका वृक्षाच्या बिया मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूस उगाळण्याची जुनी रीत आहे. त्या वृक्षाला मराठीत निवळी असेच नाव आहे.

गाळण्यासाठी प्रयोगशाळेत गाळणकागदाची चौपदरी घडी करून शंकू बनवतात, तो नरसाळ्यात बसवतात आणि थोड्या पाण्याने भिजवून काचेला चिकटवतात. मिश्रण काचकांडीच्या आधाराने ओततात आणि त्याची पातळी कागदाच्या कडेच्या खाली ठेवतात. कडेवरून गेलेला द्रव न गाळताच खाली उतरतो. नरसाळ्याचे टोक चंचुपात्राच्या भिंतीला टेकवल्यास द्रवाची अखंड धार लागते आणि गाळणे लवकर होते. कागदावर उरलेला साका थोड्या शुद्ध पाण्याने दोन-तीनदा धुणे आवश्यक असते. विद्यार्थी ही पायरी बहुधा वगळतात आणि कागदावरील वाळूत विरघळलेल्या मिठाचा अंश राहून जातो.

दूध गाळणकागदातून आरपार जाते, कारण त्यातील स्निग्धांश व प्रथिनांचे कण फार लहान असतात. तेथे अपकेंद्री पद्धत वापरतात. वेगाने फिरवलेल्या भांड्यात जड भाग परिघाकडे आणि हलकी साय मध्याकडे जमते. ताक घुसळताना रवी गरगर फिरत असली, तरी लोणी निघण्याचे कारण वेगळे आहे: घुसळण्याने स्निग्ध गोलकांभोवतीचे पातळ आवरण फुटते, गोलक एकत्र येतात आणि लोण्याचा गोळा वर तरंगतो.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

गाळल्याने न विरघळलेले कणच अडतात. साध्या गाळणकागदाची छिद्रे सुमारे १० मायक्रोमीटरच्या आसपास असतात, तर जिवाणू एक ते काही मायक्रोमीटर लांबीचे असतात. विरघळलेले आयन तर मायक्रोमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. त्यामुळे गाळलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले, तरी ते पिण्यायोग्य असेलच असे नाही. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते.

महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड आढळते. त्याला रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे स्वीकार्य प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने अशा पाण्यासाठी विकसित केलेली पद्धत नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यात पाण्यात चुना, तुरटी आणि विरंजक चूर्ण घालून ढवळतात, पुंजके तळाशी बसू देतात आणि वरचे पाणी निवळून किंवा गाळून घेतात. गढूळपणा घालवण्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त तुरटी येथे वापरावी लागते. कृती दिसायला घरच्या निवळण्यासारखीच आहे, परंतु विरघळलेला फ्लोराइड आधी पुंजक्यांना चिकटवून घेतल्याशिवाय ती निष्फळ ठरते. निव्वळ गाळण्याने न होणारे काम येथे रासायनिक क्रियेच्या मदतीने साधले जाते.

बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन

द्रावणातील पाणी उडून गेले की विरघळलेला घन पदार्थ मागे उरतो. मिठागरे याच तत्त्वावर चालतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सोडियम क्लोराइडचा असतो. उरण, पेण, वसई, भाईंदर या भागांत पावसाळा संपल्यावर भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवण्याची परंपरा आहे. आगरी या समाजनामाचा संबंध मिठाच्या आगराशी जोडला जातो. पाणी आटताना सर्व क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, नंतर जिप्सम आणि त्यानंतर मीठ जमते. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यातच राहतात. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात पुढे नेले जाते आणि शेवटचे कडवट पाणी पूर्ण सुकण्याआधी काढून टाकले जाते. ते तसेच सुकू दिले, तर मीठ कडू होते आणि हवेतील ओल शोषून पाझरते.

द्रावण पूर्ण कोरडे करण्यात दोन दोष आहेत. एक म्हणजे विरघळलेल्या सर्व अशुद्धी घन पदार्थातच राहतात. दुसरा असा की काही पदार्थ उष्णतेने बदलतात: मोरचुदाचे निळे द्रावण आटवून ते जोराने तापवल्यास स्फटिकजल निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. अशा ठिकाणी द्रावण गरम असताना संपृक्त करून सावकाश थंड होऊ देतात व मिळालेले स्फटिक गाळून घेतात. स्फटिक वाढताना समान कणच त्याच्या जाळीत व्यवस्थित बसतात आणि परके कण बहुतांशी द्रावणात राहतात. द्रावण घाईने थंड केल्यास स्फटिक बारीक पडतात आणि त्यांच्यामध्ये अशुद्ध द्रव अडकतो.

ही पद्धत कोठे लागू पडते, हे तापमानानुसार विद्राव्यता किती बदलते यावर अवलंबून असते. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट २० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ११० ग्रॅम विरघळते. मिठाचे प्रमाण मात्र ० अंशाला जवळजवळ ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना सुमारे ३९ ग्रॅम असते. समजा, ६० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि १० ग्रॅम मीठ विरघळवले आणि द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले. एकाच्या उपस्थितीचा दुसऱ्याच्या विद्राव्यतेवर होणारा परिणाम सोडून दिला, तर सुमारे ६८ ग्रॅम नायट्रेट स्फटिकरूपात बाहेर येईल आणि मीठ पूर्णपणे पाण्यातच राहील. उरलेले ३२ ग्रॅम नायट्रेट मात्र हातचे जाते. शुद्धतेची ही किंमत असते. मिठाचे गरम संपृक्त द्रावण थंड करून मात्र फारसे मीठ मिळत नाही, म्हणून त्यासाठी पाणी आटवावेच लागते.

विद्राव्यतेतील फरक फार लहान असताना किती श्रम पडतात, याचे ठळक उदाहरण रेडियमचे आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमच्या अस्तित्वाची घोषणा केली, परंतु ते शुद्ध संयुगाच्या रूपात दाखवता येत नव्हते. पिचब्लेंड या खनिजातून मिळालेल्या बेरियम क्लोराइडमध्ये ते अत्यल्प प्रमाणात मिसळलेले होते आणि दोन्ही मूलद्रव्यांचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे होते. रेडियम क्लोराइड किंचित कमी विद्राव्य असल्याने स्फटिकांत त्याचे प्रमाण थोडे वाढत असे. ते स्फटिक पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे, असे मारी क्युरी यांनी असंख्य वेळा केले. कित्येक टन खनिज-अवशेषांवर प्रक्रिया करून १९०२ मध्ये सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आले.

उसापासून साखर

साखर कारखान्यात वरील बहुतेक पद्धती एका साखळीत दिसतात. चरकातून निघालेला रस गाळून त्यातील चोथ्याचे तंतू काढतात. नंतर रसात चुना व सल्फर डायऑक्साइड मिसळून तो तापवतात, त्यामुळे प्रथिने, रंगद्रव्ये आणि इतर अशुद्धी गोळा होऊन तळाशी बसतात. हा गाळ निर्वात गाळणीने वेगळा करतात. नितळ रस टप्प्याटप्प्याने आटवून दाट केला जातो आणि निर्वात कढईत कमी दाबाखाली त्याचे स्फटिकीभवन होते. दाब कमी ठेवण्याचे कारण उत्कलनांक उतरवणे हे आहे. साध्या दाबाखाली दाट रस इतका तापवावा लागतो की साखरेचा काही भाग विघटित होऊन रंग काळवंडतो. शेवटी अपकेंद्री यंत्राच्या जाळीदार पिंपात स्फटिक आत राहतात आणि मळी बाहेर फेकली जाते.

मळीतही बरीच साखर शिल्लक असते. परंतु इतर विद्राव्य पदार्थ इतके वाढलेले असतात की ती स्फटिकरूपात काढणे परवडत नाही. गुऱ्हाळात हा शेवटचा टप्पाच नसतो. तेथे भेंडीच्या झाडाच्या चिकट रसासारख्या पदार्थांनी वर आणलेली घाण झाऱ्याने काढून टाकतात आणि उरलेले सर्व आटवून गूळ बनवतात. गुळाचा रंग आणि चव साखरेपेक्षा वेगळी असते ती या न काढलेल्या घटकांमुळे.

ऊर्ध्वपातन

द्रावणातील द्रवही हवा असल्यास बाष्प उडू न देता ते थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करतात. या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. प्रयोगशाळेतील मांडणीत तापमापीचा फुगा चंबूतील द्रवात न बुडवता त्याच्या बाजूच्या नळीच्या तोंडाशी ठेवतात, कारण मोजायचे असते ते बाहेर पडणाऱ्या बाष्पाचे तापमान. संघनकात थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर सोडतात, म्हणजे संघनकाचे आवरण पाण्याने पूर्ण भरलेले राहते. द्रव एकाएकी उसळू नये म्हणून चंबूत चिनी मातीचे तुकडे टाकतात. ॲसिटोनसारखा ज्वालाग्राही द्रव असेल तर उघड्या ज्योतीवर कधीही तापवू नये. त्याचा उत्कलनांक ५६ अंश सेल्सिअस असल्याने गरम पाण्याचे भांडे पुरते. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाने हुर्राक आणि पुढच्या ऊर्ध्वपातनाने अधिक तीव्र फेणी मिळते. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

उत्कलनांक जवळजवळचे असतील तर एकाच ऊर्ध्वपातनाने काम होत नाही. अशा वेळी उभा स्तंभ वापरतात. त्यात बाष्प वर चढताना वारंवार द्रवरूप होऊन पुन्हा उकळते आणि प्रत्येक टप्प्यावर कमी उत्कलनांकाचा घटक वाढत जातो. या भागशः ऊर्ध्वपातनाने मुंबईतील माहुल-चेंबूर परिसरातील शुद्धीकरण कारखान्यांत खनिज तेलाचे पेट्रोल, केरोसीन, डिझेल इत्यादी भाग मिळवतात. हवा द्रवरूप करून तिचे घटकही असेच वेगळे होतात: नायट्रोजन उणे १९६, अर्गॉन उणे १८६ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. १८९८ मध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना याच मार्गाने क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन ही मूलद्रव्ये सापडली.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाणी १०० अंशांना आणि इथेनॉल सुमारे ७८.४ अंशांना उकळते, तरी स्तंभ कितीही उंच घेतला तरी साध्या दाबाखाली वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल मिळत नाही. त्या प्रमाणात बाष्पाची आणि द्रवाची घटना एकसारखीच होते. वेगळे करण्यास फरकच उरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मात्र जवळजवळ निर्जल इथेनॉल लागते. त्यामुळे मळीपासून इथेनॉल बनवणारे कारखाने उत्कलनांकाचा नाद सोडून रेणूंच्या आकाराकडे वळतात. झिओलाइटच्या दाण्यांतील सूक्ष्म छिद्रांत पाण्याचे लहान रेणू शिरतात, इथेनॉलचे मोठे रेणू शिरू शकत नाहीत. एका अर्थाने ही चाळणीच आहे.

न मिसळणारे द्रव आणि संप्लवन

पाणी व केरोसीन यांसारखे परस्परांत न मिसळणारे द्रव विलगकारी नरसाळ्यात स्थिर ठेवल्यावर दोन थर होतात. जड थर तोटीतून खाली काढून घेतात. तोटी उघडण्यापूर्वी वरचे बूच काढावे लागते, नाहीतर आत पोकळी निर्माण होऊन द्रव अडकतो.

कापूर, नॅफ्थलीन, आयोडीन यांसारखे घन पदार्थ सावकाश तापवल्यास द्रवरूप न होता त्यांचे बाष्प होते आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा घन जमतो. याला संप्लवन म्हणतात. नवसागराचे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून वारंवार येते, पण ते काटेकोर नाही. तापवल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या वायूंत विघटन होते व थंड झाल्यावर ते पुन्हा संयोग पावतात. पृथक्करण होते हे खरे, परंतु ती केवळ अवस्थांतराची क्रिया नव्हे. कापराचे उदाहरण घेणे अधिक बरे.

रंजकद्रव्य पृथक्करण

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्यांचे द्रावण खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडले, तेव्हा नळीत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे दिसू लागले. जे रंगद्रव्य भुकटीला अधिक चिकटते ते मागे राहते आणि जे द्रावकाबरोबर सहज वाहते ते पुढे जाते. शाळेत खडूऐवजी गाळणकागदाची पट्टी व शाईचा ठिपका घेऊन हाच प्रयोग करतात. ठिपक्याखालची रेघ शिसपेन्सिलीने काढावी, कारण पेनची शाई स्वतःच पसरेल. ठिपका पाण्याच्या पातळीच्या वर असावा. तो बुडाला तर रंग पट्टीवर चढण्याऐवजी भांड्यात उतरतो. घटकाने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर याला आरएफ मूल्य म्हणतात. कागद, द्रावक आणि तापमान तेच असल्यास प्रत्येक पदार्थासाठी ते ठरावीक येते, त्यामुळे अज्ञात घटकाची ओळख पटवण्यास मदत होते. या तत्त्वाच्या पुढील विकासासाठी आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकत्रित प्रयोग

लोखंडाचा कीस, कापूर, मीठ आणि वाळू यांच्या मिश्रणाचे पृथक्करण हा शालेय परीक्षेतील नेहमीचा प्रश्न आहे. प्रथम चुंबकाने लोखंड काढतात. चुंबक कागदात गुंडाळल्यास कीस नंतर सहज सुटतो. पाणी घालण्यापूर्वीच लोखंड काढणे इष्ट, कारण ओल्या मिठात ते लवकर गंजते. नंतर कापराचे संप्लवन, मग पाणी घालून गाळणे व शेवटी गाळून मिळालेल्या द्रावणाचे बाष्पीभवन. मिठाचे द्रावण आटत आल्यावर आच मंद करावी, अन्यथा मीठ तडतडून बशीबाहेर उडते.

वेगळा केलेला घटक शुद्ध आहे की नाही, हे त्याच्या द्रवणांकावरून कळते. शुद्ध नॅफ्थलीन सुमारे ८० अंश सेल्सिअसला एकाच तापमानास वितळते. अशुद्ध नमुना त्यापेक्षा कमी तापमानाला आणि काही अंशांच्या टप्प्यात हळूहळू वितळतो. मिश्रणाच्या प्रयोगात वजनांचा ताळाही पाहतात. चारही घटकांची बेरीज मूळ वजनापेक्षा थोडी कमी भरणे स्वाभाविक आहे, कारण कागदाला चिकटलेले कण आणि निसटलेले कापराचे बाष्प मोजले जात नाही. बेरीज जास्त भरली, तर वाळू किंवा मीठ अजून ओले असण्याची शक्यता मोठी असते. ते पुन्हा सुकवून, सलग दोन वेळा वजन तेच येईपर्यंत तोलावे लागते.